एक किताब, एकच नाव : जीजीभाई बॅरोनेटसीची पार्श्वभूमी

'सर जमशेटजी जीजीभाई' हे नाव जुन्या कागदांत दिसलं की आधी साल बघावं लागतं. १८५७ पासून या नावाचे एकामागून एक बॅरोनेट झाले, आणि त्या सगळ्यांचं नाव अक्षरशः एकच. हे नाव घराण्याच्या हौसेनं चालत आलेलं नाही, त्यासाठी खास कायदा करावा लागला होता.

आधी एक नेहमीची गल्लत. पहिल्या जमशेटजींना १८४२ साली मिळाली ती नाइटची पदवी. भारतीय माणसाला मिळालेली ती पहिलीच, पण अशी पदवी माणसाबरोबर संपते. १८५७ साली मिळाली ती बॅरोनेटसी, म्हणजे वंशपरंपरेनं थोरल्या मुलाकडे जाणारा किताब. दोन्हींत नावाआधी 'सर' लागतं, म्हणून फरक लक्षात राहत नाही. बॅरोनेट म्हणजे लॉर्डही नव्हे, उमरावांच्या सभागृहात त्याला जागा नसते.

किताब आला तो ऑगस्ट १८५७ मध्ये. दिल्ली तेव्हा बंडवाल्यांच्या ताब्यात होती. जमशेटजी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि चीनच्या व्यापारातला, त्यातही अफूचा, पैसा त्यांनी कधीच रुग्णालय, शाळा, बंधारे यांत ओतायला सुरुवात केली होती. अफूची गोष्ट झाकायचं कारण नाही. तो व्यापार कंपनी सरकारच्या तिजोरीचाही मोठा आधार होता. अशा काळात वंशपरंपरेचा ब्रिटिश किताब मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याला देणं हा दानशूरपणाचा गौरव होताच, पण राजकीय इशाराही होता, असं मला ठामपणे वाटतं.

खरा गुंता इथून पुढे आहे. इंग्रजी किताबाला आडनाव लागतं. पारशी घरांत त्या काळी आपल्यासारखीच चाल होती : स्वतःचं नाव, मग बापाचं नाव. 'जीजीभाई' हे आडनाव नव्हतंच, ते जमशेटजींच्या वडिलांचं नाव. त्यामुळे थोरल्या मुलाचं नाव होतं कर्सेटजी जमशेटजी, आणि त्यांच्या मुलाचं माणेकजी कर्सेटजी. दर पिढीला नाव बदलत गेलं तर किताब कोणत्या घराण्याचा, हे कागदावरून कळणार कसं? सनदेतच याची तरतूद ठेवली होती आणि तिला धरून १८६० साली, जमशेटजींच्या निधनानंतर वर्षभराने, कलकत्त्याच्या विधान परिषदेनं विसावा कायदा मंजूर केला. जो कोणी किताबाचा वारस होईल त्यानं आपलं नाव सोडून 'जमशेटजी जीजीभाई' हे नाव घ्यायचं.

याचा अर्थ कर्सेटजींच्या बाबतीत काय झाला ते बघा. बापाचं नाव त्यांचं स्वतःचं झालं आणि आजोबांचं नाव त्यांच्या बापाच्या जागी आलं. आपल्या रीतीनं ते नाव वाचलं तर कर्सेटजी आपल्याच आजोबांचे मुलगे ठरतात. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला आपलं नाव उतरवून ठेवावं लागलं, आणि तेही घरच्या कुणाच्या शब्दावरून नव्हे, तर कलकत्त्यात झालेल्या कायद्यानं. पुढे माणेकजी वारल्यावर, १८९८ मध्ये, किताब त्यांच्या भावाकडे गेला तेव्हा तर सख्खे भाऊच एका नावाचे झाले.

हा इंग्रजी साचा आपल्याकडच्या नावांवर नीट बसत नव्हता, याची खूण मुंबईच्या रस्त्यावरच आहे. इंग्रजी रीतीनं 'सर'ची बायको आडनावानं लेडी होते, म्हणजे 'लेडी जीजीभाई'. पण पहिल्या जमशेटजींच्या पत्नी आवाबाई झाल्या 'लेडी जमशेटजी'. माहीमच्या खाडीवरच्या बांधासाठी १ लाख ५७ हजार रुपये देणाऱ्या त्या याच. १८४५ साली तो रस्ता झाला आणि त्यांच्या नावाचा माहीमचा रस्ता आजही लोकांच्या तोंडी 'एल. जे. रोड' आहे. म्हणजे लोकांनी नवऱ्याचं नाव लावलं, सासऱ्याचं नाही. आपल्याकडे तसंच लावतात.

नावाबरोबर पैसाही बांधला गेला. २५ लाखांचे सरकारी रोखे आणि माझगावचा वाडा, 'माझगाव कॅसल', किताबासाठी विश्वस्तांकडे राहिले. त्यांचं उत्पन्न किताबधारकानं घ्यायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. या बंदोबस्तावर आजही मतं दोन पडतात. धाकट्या मुलांना डावलून एकालाच सगळं, ही रीत परकी होती. पण १८६५ मध्ये कापसाची आणि शेअरांची तेजी कोसळून मुंबईतल्या भल्याभल्या पेढ्या बुडाल्या, तेव्हा असा बांधून ठेवलेला पैसाच सुरक्षित होता, हेही विसरून चालत नाही. माझं माप इथं बंदोबस्ताच्या बाजूनं झुकतं.

नावाचा हा पायंडा पुढे इतरांनी उचलला. १८९० साली दिनशा माणेकजी पेटीट, १९०८ साली कावसजी जहांगीर, १९१३ साली अहमदाबादचे चिनुभाई, म्हणजे पहिले हिंदू बॅरोनेट : या घराण्यांतही वारसानं मूळ पुरुषाचं नाव घ्यायची अट आली. पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे बैरामजी जीजीभाई मात्र या किताबाच्या घरातले नव्हेत. 'जीजीभाई' हे बापाचं नाव असल्यामुळे ही गफलत होते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचं रूप पालटलं. राज्यघटनेच्या अठराव्या कलमानं सरकारी किताब बंद केले आणि नागरिकांना परकी राष्ट्राचा किताब स्वीकारायलाही मनाई केली. आधीच वारशात चालत आलेल्या किताबाचं काय, ते त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. तिकडे ब्रिटनमध्ये १९१० पासून बॅरोनेटांची अधिकृत नोंदवही आहे. वारसा सिद्ध केल्याशिवाय तिच्यात नाव चढत नाही. म्हणजे किताब ब्रिटिश राजाचा, नावाचा कायदा कलकत्त्याचा आणि माणूस भारतीय प्रजासत्ताकाचा नागरिक.

या तिन्ही गोष्टी १९६८ मध्ये एकत्र आल्या. सहावे बॅरोनेट वारले आणि किताब चुलत घराकडे गेला. सातवे वारस तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते आणि तोवर माणेकजी रुस्तमजी जमशेटजी म्हणून वावरले होते : स्वतःचं नाव, बापाचं नाव, मग घराण्याचं. त्यांनी ते नाव सोडलं आणि ते सर जमशेटजी जीजीभाई झाले.