एक मीटर बिघडणं आणि एक लाख मीटर बिघडणं

जुना यांत्रिक पाणीमीटर हळूहळू म्हातारा होतो. आतली चकती झिजते, मग बारीक धार तिला फिरवू शकत नाही आणि गळक्या नळाचं पाणी न मोजताच निघून जातं. असे मीटर एकेक करून थकतात. बॅटरीवर चालणारे आणि आकडा रेडिओलहरींनी आपोआप पाठवणारे डिजिटल मीटर मात्र सगळे मिळून एकदमच थकू शकतात. पाणीपुरवठा संस्थेने जोखमीचा हिशेब इथूनच सुरू करावा, असं मला ठामपणे वाटतं.

आधी मोजणी कशी होते ते पाहू. अल्ट्रासॉनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने प्रवाह मोजणाऱ्या डिजिटल मीटरमध्ये फिरणारं काहीच नसतं. दोन संवेदक एकमेकांकडे ध्वनिलहरी पाठवतात. प्रवाहाबरोबर जाणारी लहर किंचित लवकर पोचते, प्रवाहाविरुद्ध येणारी किंचित उशिरा. संवेदकांत १० सेंटीमीटर अंतर आणि पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर हा फरक भरतो साधारण ९० नॅनोसेकंद (एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). वेग सेकंदाला १ सेंटीमीटरवर आला, तर एका नॅनोसेकंदाहूनही कमी. वेळेतला हा इतका बारीक फरक मोजता येतो याचं मला आजही अप्रूप आहे. पण पाइपात हवेचे बुडबुडे आले की लहर विखुरते आणि मोजणी अडखळते. पाणी ठरावीक वेळच सुटत असेल, तर दर वेळी आधी हवा येते. तिथे प्रयोगशाळेतल्या अचूकतेच्या दाखल्यावर विसंबून चालत नाही.

खरी मेख बॅटरीत आहे. बहुतेक मीटरांत लिथियम थायोनिल क्लोराइडची ३.६ व्होल्टची बॅटरी असते आणि ती दहा-पंधरा वर्षं चालेल असं गृहीत धरतात. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो, त्यामुळे नुसता व्होल्टेज पाहून ती संपत आल्याचं वेळेत कळत नाही. त्यात सर्वाधिक वीज खातो तो रेडिओ. दिवसातून एकदा आकडा पाठवायचं ठरलेलं असताना कुणी दर पंधरा मिनिटांनी मागितला, तर ९६ वेळा पाठवावा लागतो. मीटर लोखंडी झाकणाखालच्या खड्ड्यात असेल, तर संदेश पोचेना म्हणून तो पुन्हापुन्हा पाठवला जातो. एकाच वर्षी, एकाच खेपेतून एक लाख मीटर घेतले असतील, तर त्यांच्या बॅटऱ्याही आगेमागे एकाच सुमारास संपणार. तेवढी माणसं आणि तेवढा पैसा तेव्हा कुठून आणायचा?

सामायिक बिघाड आणखीही आहेत. ज्या मोबाइल नेटवर्कवर मीटर बोलतात तेच बंद झालं, तर धडधाकट मीटरही मुके होतात. सगळ्या मीटरांना संदेश गुप्त ठेवणारी एकच सांकेतिक किल्ली दिली असेल, तर एक मीटर उघडणाऱ्याच्या हाती सगळेच लागतात. त्यात दुरून बंद होणारी झडप असेल, तर प्रश्न बिलापुरता राहत नाही, घराघरांतलं पाणीच तुटू शकतं.

खासगीपणाचा मुद्दा मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. मध्यरात्रीही आकडा शून्यावर येत नसेल तर गळती सापडते, हा या मीटरांचा मोठा फायदा. पण दोन दिवस आकडा हललाच नाही, तर घराला कुलूप आहे हेही त्याच नोंदीवरून कळतं. ती नोंद कोण पाहणार आणि किती दिवस जपणार, हे खरेदीच्या करारातच ठरायला हवं.

जोखीम मोजताना बिघाडाची शक्यता आणि त्याचं नुकसान यांचा गुणाकार करतात. त्यात मी तिसरा प्रश्न घालीन: हा बिघाड एकाच वेळी किती मीटरांत होईल? चाचणीसाठी सोयीच्या जागा निवडू नयेत. सर्वांत खोल, पाण्याने भरलेल्या खड्ड्यांत आणि पाइपाच्या शेवटच्या टोकाला मीटर बसवावेत, शेजारी तपासलेला जुना मीटर ठेवावा आणि निदान वर्षभर दोन्ही आकडे ताडून पाहावेत.