सर्जनच्या शिक्षणात ऑनलाइन कोर्स आला कुठून?

सर्जन घडवण्याची आज रुळलेली पद्धत विल्यम हाल्स्टेड यांनी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ नंतर बसवली. शिकाऊ डॉक्टरने रुग्णालयातच राहायचे, वर्षानुवर्षे वरिष्ठांच्या हाताखाली उभे राहायचे आणि जबाबदारी टप्प्याटप्प्याने अंगावर घ्यायची. वाचन, पेशंट, ऑपरेशन थिएटर (ओटी) सगळे एकाच छपराखाली. किती तास झाले, हे कोणी मोजत नसे.

ते मोजायची वेळ एका मृत्यूने आणली. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दाखल झालेली लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी काही तासांतच दगावली. दमलेल्या आणि पुरेशी देखरेख नसलेल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न तिच्या पत्रकार वडिलांनी लावून धरला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणि २००३ मध्ये साऱ्या अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. ब्रिटनमध्ये युरोपीय नियमांमुळे २००९ पासून ती ४८ तास झाली. ही मर्यादा हवीच होती. पण नेमके त्याच काळात शिकायचेही वाढले होते, कारण दुर्बिणीची शस्त्रक्रिया, म्हणजे लॅपरोस्कोपी, आली होती. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्येच दुर्बिणीतून पित्ताशय काढले होते.

तास कमी आणि अभ्यासक्रम मोठा, तेव्हा ओटीबाहेर काय नेता येईल हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत २००४ मध्ये आलेल्या ‘फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी’ या कार्यक्रमाने त्याचे उत्तर मला सर्वांत पटेल असे दिले. माहितीचे धडे आधी सीडीवर होते, पुढे ऑनलाइन गेले. हाताचे काम मात्र सरावाच्या पेटीवरच ठेवले. पेटीत कॅमेरा असतो आणि नजर समोरच्या पडद्यावर. रबराचे सहा छोटे तुकडे डाव्या हातातल्या चिमट्याने खुंटीवरून उचलायचे, हवेतच उजव्या हातातल्या चिमट्यात द्यायचे, पलीकडच्या खुंट्यांवर बसवायचे आणि मग तसेच परत आणायचे. व्हिडिओ कितीही पाहिले तरी हे पेटीवर सराव केल्याशिवाय जमत नाही. तिथे हातच बसावा लागतो.

स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गने वेगळा भाग उचलला. तिथल्या विद्यापीठाने आणि रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने २००७ मध्ये शस्त्रक्रियाशास्त्राची तीन वर्षांची ऑनलाइन एमएससी सुरू केली. आपल्याच रुग्णालयातली नोकरी सांभाळून विद्यार्थी काल्पनिक केसेस सोडवतात, त्यावर शिक्षकांशी चर्चा करतात आणि शेवटच्या वर्षी संशोधन करतात. रचना कॉलेजच्या सदस्यत्व परीक्षेच्या अभ्यासक्रमाला धरून आहे. ऑपरेशन शिकवतो, असा तिचा दावाच नाही.

भारतात २०१९ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, म्हणजे सर्जरीच्या निवासी डॉक्टरांनाही, संशोधन पद्धतींचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा झाला. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेने तो तयार केला आहे. इथे मात्र क्रम उलटा पडला. अमेरिकेत तास आधी आखले गेले आणि कोर्स मागून आला. आपल्याकडे आठवड्याला ४८ तासांचा निर्देश १९९२ पासून कागदावरच आहे आणि पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३ च्या नियमावलीत फक्त ‘वाजवी’ तास म्हटले आहे, आकडा नाही. म्हणून सक्तीचा प्रत्येक ऑनलाइन कोर्स ड्यूटीच्या वेळेत धरला जावा, निवासी डॉक्टरच्या झोपेतून कापला जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते.