उतरत्या उन्हाची २५ मिनिटं

प्री-वेडिंग शूट ठरलं की मुलाकडून किंवा मुलीकडून हमखास निरोप येतो, "दादा, गोल्डन अवरलाच करू या." सूर्यास्ताआधीचा तो सोनेरी तास व्हिडिओ बघून सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. सोलापुरात मात्र तो तासभर टिकत नाही.

सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो. लंडन ५१ अंशांच्याही वर, तिथे तो तिरका, रेंगाळत जातो. सूर्य क्षितिजापासून ६ अंशांवर आला की ऊन सोनेरी झालं असं धरू. तिथून मावळेपर्यंत आपल्याकडे २५ ते २८ मिनिटं लागतात, लंडनला ४० मिनिटांपासून जवळपास तासापर्यंत. एक साडी बदलून, केस नीट करून होईतो आपलं ऊन गेलेलं असतं. म्हणून मी कपडे आधीच ठरवायला लावतो आणि त्या वेळात एकच पोशाख ठेवतो.

ऊन सोनेरी होतं ते हवेमुळे. डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत मावळत्या सूर्याचा प्रकाश जवळपास ३८ पट हवा ओलांडून येतो. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतात, त्यामुळे निळा वाटेतच पांगतो आणि पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. सूर्य मंद झाल्यामुळे आकाशाच्या उजेडाचा वाटा वाढतो, सावल्यांचा काळेपणा उतरतो आणि चेहरे मऊ दिसतात. सूर्य बुडाला म्हणून कॅमेरा बॅगेत टाकू नका. पुढची १०-१५ मिनिटं पश्चिमेचं आख्खं आकाशच दिवा होतं. जोडीला पश्चिमेकडे तोंड करून उभं करा, बस्स.

खरी परीक्षा भर उन्हात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. लग्नसराई नेमकी तेव्हाच, आणि कित्येक मुहूर्त दुपारचे. उजेड थेट वरून पडला की भुवयांची सावली डोळ्यांत उतरते, मुंडावळ्यांच्या रेघा गालांवर येतात. त्यात आपली जमीन काळी. वाळू किंवा फरशी खालून बराच उजेड परत देते, काळी माती तो गिळून टाकते.

हुरड्याच्या दिवसांतलं एक शूट आठवतं. सकाळचे ११, ज्वारीच्या रानाचा बांध. मुलगी सूर्याकडे बघितलं की डोळे बारीक करायची, पाठ फिरवली की चेहरा काळवंडायचा. गाडीत सोलापुरी टॉवेल होता, पांढरा, जाड. तिला सूर्याकडे पाठ करून उभं केलं आणि तो तिच्या पुढ्यात जमिनीवर पसरला. हनुवटीखालची सावली लगेच विरली आणि दोन्ही बुबुळांत पांढरा ठिपका चमकला. त्या ठिपक्यानेच डोळे जिवंत वाटतात. टॉवेलचे बारीक फासे प्रकाश एका दिशेला न फेकता चहूकडे पसरवतात, म्हणून डोळे दिपत नाहीत. चंदेरी रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) जास्त उजेड देतो, पण जवळ धरला की नवरी डोळे मिटते.

पांढऱ्याची दुसरी बाजूही आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा टिपायला गेलात तर समोर हजारो पांढऱ्या बाराबंद्या, म्हणजे बंद बांधायचे अंगरखे, असतात. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं गृहीत धरतो. इतकं पांढरं दिसलं की तो उजेड कमी करतो. बाराबंद्या मळकट येतात आणि चेहरे काळे. एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवायचं, म्हणजे उजेड दुप्पट घ्यायचा, पण हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, नजर ठेवून. पांढरं एकदा जळालं की कापडाची वीण परत मिळत नाही.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते रंगीत मंडपात. लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर पडतो, बाजूने मात्र साधं ऊन येत असतं. अर्धा गाल तांबडा, अर्धा पांढरा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतले रंग सुधारणारी कॅमेऱ्याची सेटिंग, एका वेळी एकाच रंगाची चूक सुधारतो, दोन्ही नाही. त्यामुळे लग्न ठरलं की मी घरच्यांना आधी मंडपवाल्याला फोन करायला सांगतो: स्टेजच्या वर पांढरं कापड लावा, बाकी मंडप हव्या त्या रंगाचा असू द्या.