जुनी डिस्क कपाटात ठेवा

नागपुरात, महालमध्ये, एका काकांचं लग्नपत्रिका छापायचं छोटं दुकान आहे. संगणक २०१४ सालचा: इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, विंडोज १०. "चालते ना जी अजून, बदलवायचं काहून?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. यंत्र खरंच चालत होतं.

पण विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. जास्तीच्या मुदतीसाठी नोंदणी केली तरी घरगुती संगणकांना सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच मिळतात. यात मेख अशी की नव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती निघाली की सुरक्षेतलं भोक नेमकं कुठे होतं तेही उघड होतं. जुन्या आवृत्तीत बरेचदा तोच कोड असतो, पण तिथलं भोक बुजवायला कोणी येत नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती.

विंडोज ११ला साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि गुप्त किल्ल्या जपणारी टीपीएम २.० ही सोय लागते. या अटी चुकवून ते बसवता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नसते. दुसऱ्याच्या दुकानात मी ते करणार नाही. म्हणून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. पेनड्राइव्हवरून ते काही न बसवता चालवून बघता येतं. प्रिंटरने एक पान छापून दिलं, तेव्हा काका जरा सैलावले.

खरी पंचाईत अक्षरांची निघाली. काकांच्या जुन्या फायलींत मराठी मजकूर नव्हताच! जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच, फॉन्टने फक्त वेष दिलेला. फॉन्ट गेला की "शुभविवाह"च्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उरतात. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक पद्धतीत "क"ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, म्हणून फॉन्ट बदलला तरी तो "क"च राहतो. तेव्हा नुसत्या फायलींची नक्कल पुरत नाही. फॉन्टही उचलावे लागतात, शिवाय महत्त्वाच्या पत्रिकांच्या पीडीएफ करून ठेवाव्यात, कारण पीडीएफमध्ये सहसा आकारही सोबत जातात. पत्रिका मांडायच्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचं कुलूप असलेला डोंगल (संगणकाला जोडून ठेवायची छोटी किल्ली) मिंटवर चालेल ही आशा मी धरलीच नाही.

म्हणून जुनी डिस्क पुसलीच नाही. ती काढून नवी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, लावली आणि मिंट तिच्यावर बसवलं. काही फसलं असतं तर जुनी डिस्क परत जोडली की संगणक कालच्यासारखा. वेगही वाढला तो एसएसडीमुळेच. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट बघावी लागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही.

बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामला, मात्र हात लावला नाही. मिंट बसवताना वीज गेली, तर डिस्कवरचं काम पुन्हा करता येतं. बायोसची नवी आवृत्ती लिहिताना गेली, तर बऱ्याच जुन्या मदरबोर्डांत सावरायला खाली दुसरा थरच नसतो. दिवस मे महिन्याचे, कूलर सुरू झाला की दिवे मंद व्हायचे आणि यूपीएसची बॅटरी मिनिटभरही टिकत नव्हती. सगळं काम आम्ही सकाळी सहाला उरकलं.

नव्या पत्रिका आता युनिकोडमध्ये होतात. जुनी डिस्क तारीख लिहून कपाटात ठेवली होती, पण महिन्याभरातच बाहेर काढावी लागली. थोरल्या भावाच्या लग्नात होता तोच मजकूर एका घराला धाकट्यासाठी हवा होता. इंटरनेटची वायर काढली, जुनी डिस्क जोडली आणि ती पत्रिका उघडली. गणपतीसकट.