देवराई कोणाच्या शब्दावर टिकली?

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांबद्दल निकाल दिला. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली तिथली कुरणे आणि झाडोरा. प्रत्येक ओरणाची प्रत्यक्ष जागेवर आणि उपग्रहाच्या साहाय्याने मोजणी करा, त्याची वन म्हणून नोंद करा, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला सामुदायिक राखीव क्षेत्राचे संरक्षण द्या, असे न्यायालयाने त्या राज्याला सांगितले. देशभरातल्या अशा पवित्र वनांसाठी केंद्राने धोरण आखावे, अशी शिफारसही केली. निकालाचा रोख राजस्थानवर असला, तरी त्यातला प्रश्न सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या गावांना चांगला ओळखीचा आहे. देवाचे रान कागदावर कोणाचे, आणि त्यातल्या झाडाबद्दल शब्द टाकायचा हक्क कोणाला?

पुणे, सातारा, कोल्हापूरकडे देवराई, रत्नागिरी-सिंधुदुर्गात देवरहाटी किंवा नुसती रहाटी, गोव्यात देवराय. महाराष्ट्रात अशा अडीच हजारांहून अधिक रानांच्या नोंदी झाल्या आहेत. काही चार-पाच झाडांपुरती उरली आहेत, तर भीमाशंकरजवळच्या आहुप्यासारखी काही चांगलीच मोठी आहेत. आत काळकाई, वाघजाई, सोमजाई, शिरकाई, भैरी, रवळनाथ, सातेरी, नाहीतर नाव-रूप नसलेला एखादा शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देव मानलेला दगड. नियम गावागणिक वेगळे. कुठे आत कोयती न्यायची नाही, कुठे वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, कुठे चप्पल बाहेर काढायची. काही ठिकाणी पडलेले लाकूड फक्त देवाच्या कामाला, म्हणजे देवळाच्या वाशाला, पालखीला किंवा उत्सवाच्या जेवणाच्या चुलीला वापरता येते.

‘देवाच्या भीतीने लोकांनी झाडे राखली’ असे एका वाक्यात सांगून आपण मोकळे होतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कोकणातल्या रहाटीत एखादे झाड काढायची वेळ आली तर काय होत असे ते पाहण्यासारखे आहे. आधी गाव बसायचा. गावकार, मानकरी, गुरव हजर असायचे. देवळाच्या तुळईला कीड लागलीय, फणसाचा एक खांड हवाय, असे गाऱ्हाणे देवापुढे घातले जायचे. मग गुरव पाषाणावर पाण्याने भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायचा आणि सगळे बघत बसायचे. उजवीकडची आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार. डावा पडला तर विषय तिथेच संपला, किंवा पुन्हा कधीतरी विचारायचे. यात श्रद्धा आहेच, पण त्याबरोबर एक पक्की कार्यपद्धतीही आहे. झाडाची मागणी चारचौघांत उघड करावी लागे, तिचे कारण सांगावे लागे, वाट बघावी लागे. कोणी एकटा रात्रीत कुऱ्हाड घालू शकत नसे, कारण झाड एकट्याचे नव्हतेच. माझ्या मते देवराईचा सगळा इतिहास या बैठकीभोवती फिरतो. बैठक शाबूत होती तोवर रान शाबूत राहिले.

ही पद्धत किती जुनी, याचा अंदाज फिरस्ती करणाऱ्या अभ्यासकांनी बांधला आहे. पुण्याच्या मावळात पायी हिंडून दामोदर धर्मानंद कोसंबींनी मातृदेवतांची ठाणी पाहिली. वस्तीपासून दूर, जुन्या वाटांच्या कडेला, झाडीत बसलेल्या या देवता गावांहून आणि नांगराच्या शेतीहूनही जुन्या असाव्यात, असे त्यांचे मत होते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीही या रानांचे मूळ शिकार आणि फिरत्या शेतीच्या काळात शोधले. पुष्कळ ठिकाणी देवीला छप्पर सोसत नाही, अशी समजूत आहे. तिला उघड्यावरच राहायचे असते, झाडांचीच सावली हवी असते. जोवर गावाने हे मानले तोवर रान हेच देऊळ होते.

लिखित नोंदींत एक नोंद मला फार मोलाची वाटते. टिपू पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने फ्रान्सिस बुकानन या डॉक्टरला नव्या मुलखाच्या पाहणीला पाठवले. १८०१ मध्ये तो कारवारच्या बाजूला पोहोचला. इथली जंगले गावदेवांच्या मालकीची आहेत, गावच्या देवळातल्या पुजाऱ्याकडून परवानगी घेतल्याशिवाय कोणी झाड तोडत नाही, परवानगीबद्दल देवाला काही द्यावे लागत नाही, पण न विचारता तोडले तर देव कोपतो, असे त्याने लिहून ठेवले. पुढे त्याने आपला शेराही मारला: सरकारला या मालमत्तेवर हक्क सांगता येऊ नये म्हणून केलेली ही युक्ती दिसते. बुकाननला ती लबाडी वाटली. पण नकळत त्याने खरे तेच टिपले होते. देवाचे नाव पुढे करून गाव आपला हक्क सांगत होता, आणि राजाने त्या हक्कापुढे थांबावे अशी त्याची अपेक्षा होती.

कंपनीचे आणि पुढे राणीचे सरकार थांबले नाही. जहाजांना आणि नंतर रेल्वेच्या स्लीपरांना लाकूड हवे होते. १८६४ मध्ये वनखाते उभे राहिले, १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगल सरकारजमा करायची सोय झाली. खात्याचे पहिले प्रमुख डिट्रिच ब्रँडिस यांनी देवरायांची दखल घेतली, त्यांच्याबद्दल आदराने लिहिलेही. कायद्यात मात्र गावदेवाला खातेदार म्हणून जागा नव्हती. त्यामुळे देवराया निरनिराळ्या रकान्यांत विखुरल्या. काही राखीव जंगलात गेल्या, काही महसुलाकडे सरकारी जमीन म्हणून, काही देवस्थानाच्या, तर काही खाजगी नावावर. रत्नागिरी जिल्ह्यात तर वनखात्याचे जंगल अगदीच थोडे. डोंगर खोतांचे आणि पुढे कुळांचे. खाजगी रान कोळशाला, भट्ट्यांना, कात काढायला तुटत गेले, आणि जुनी मोठी झाडे उरली ती बहुतेक देवरहाटीत.

या रानांकडे विज्ञानाचे लक्ष वळले ते १९७० नंतर. गाडगीळ १९७१ मध्ये हार्वर्डहून परतून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आले. वर्तक तिथे आधीपासून वनस्पतींचा अभ्यास करत होते. दोघांनी मिळून सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या. कुठे गारंबीची मांडीएवढी वेल झाडांवरून झाडांवर गेलेली, तिची साल गुरांच्या औषधासाठी मागायला लांबून लोक येणारे. कुठे आजूबाजूच्या पंचक्रोशीत न दिसणारी झाडे फक्त देवीजवळ उरलेली. १९७५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी ही राने राखावीत, असे आवाहन केले. पण आधी हाक आली होती ती गावाकडून. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी कळवले की आमच्या देवराईची तोड होणार आहे, ती थांबवायला मदत करा. गावाभोवतीचे बाकी रान संपत आले होते, आणि ओढ्याला पाणी टिकते ते या राईमुळे, हे गावकऱ्यांना चांगले ठाऊक होते. अभ्यासकांनी वनखात्याकडे रदबदली केली आणि तोड थांबली. ‘अडाणी लोकांची अंधश्रद्धा’ म्हणून देवराईकडे पाहणाऱ्यांनी गाणीची ही हकीकत जरूर लक्षात घ्यावी. त्या लोकांना देवही कळत होता आणि पाण्याचा हिशोबही.

आत गेले की हा हिशोब डोळ्यांना दिसतो. पावसाळा संपून दोन महिने झालेले असतात, बाहेरचा कातळ तापलेला असतो, आणि रहाटीत पाऊल टाकले की पालापाचोळ्यात बोटे बुडतात, खालची माती ओली लागते. उतारावरच्या कितीतरी झऱ्यांची तोंडे अशाच रानांत आहेत. संगमेश्वर-देवरूखच्या बाजूला धनेश पक्षी घरटे करतात तेही इथेच, कारण त्यांना लागते ती ढोली शेकडो वर्षांच्या खोडात. मादी ढोलीत शिरते, विष्ठा आणि चिखलाने तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. पिल्ले मोठी होईपर्यंत नर उंबर-पायरीची फळे आणून त्या फटीतून भरवतो. पन्नास वर्षांच्या झाडात ही ढोली होत नाही. म्हणून वृक्षारोपणाचे आकडे कितीही मोठे असले तरी तुटलेल्या रहाटीची भरपाई त्यातून होत नाही. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने बीडजवळ पालवणच्या उजाड माळावर देवराई उभी राहिली, तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलनही भरले. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी नवी लावली म्हणून जुनी गेली तरी चालेल, असे कोणी म्हणू लागले तर ते साफ चूक ठरेल.

जुन्या देवरायांना गेल्या काही दशकांत खरा धक्का बसला तो भक्तीच्याच वाटेने, हे सांगताना वाईट वाटते. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या हाती पैसा आला, गावच्या देवाचे काहीतरी करावे असे त्यांना वाटले. भावना शुद्धच होती. वर्गणी जमली, जीर्णोद्धार ठरला. कौलारू देऊळ जाऊन स्लॅब आला, मग सभामंडप, गाडी दारापर्यंत यावी म्हणून रस्ता, जत्रेला जागा हवी म्हणून फरसबंदी. काही ठिकाणी खर्चाची तोंडमिळवणी करायला देवराईतलीच झाडे विकली गेली. उघड्यावर राहणारी देवी संगमरवरी मूर्तीच्या रूपात बंद गाभाऱ्यात आली, आणि तिचे रान हळूहळू देवळाचे आवार झाले. श्रद्धा कमी झाली, असे मला वाटत नाही. ती झाडावरून इमारतीवर सरकली. आणि ठरवणारी बैठकही गावातून उठून मुंबईच्या मंडळाच्या सभेत गेली, जिथे मार्चमधल्या ओढ्याची आठवण काढणारे फार कोणी नसते.

म्हणून जुनी गावकी जशीच्या तशी परत आणावी, असे मात्र मी म्हणणार नाही. त्या बैठकीत मान ठरलेल्या घराण्यांना होता. दलितांना मागे उभे केले जाई, बायकांना तर बऱ्याच देवरायांत पाऊल टाकायलाही बंदी होती, काही ठिकाणी आजही आहे. ज्या बाईला पाण्यासाठी उतार चढावा लागतो, तिला झऱ्याच्या रानाबद्दल बोलता येत नसे. मानपानाच्या भांडणात देवळांना कुलपे लागल्याची उदाहरणेही कोकणाला नवी नाहीत. टिकवण्यासारखे आहे ते उघडपणे मागणे आणि सर्वांनी मिळून ठरवणे. त्या ‘सर्वां’त पूर्वी ज्यांना जागा नव्हती, त्यांना ती मिळालीच पाहिजे.

श्रद्धेच्या आधाराने गाव एकत्र बसण्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे वसईचे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. वसईच्या बागायतीवर, विहिरींवर आणि बावखलांवर, म्हणजे तिथल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर, बांधकामाचा आणि टँकरचा डोळा गेला तेव्हा त्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली. केळी, फुले, भाजी पिकवणारे ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी तिच्यात एकत्र आले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, जुलै २०२४ मध्ये ते गेले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये परिपत्रक काढून पृथ्वी हे सर्वांचे घर असल्याचे सांगितले, त्याच्या कितीतरी आधी वसईचा हा धर्मगुरू रस्त्यावर उतरला होता.

आता कायद्याकडे. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते कायद्यालाही वनच ठरले. तोडीला आळा बसायला याचा उपयोग झाला. दुसरीकडे, देवरहाटी वन म्हणून नोंदली की देवळाच्या दुरुस्तीलाही परवानगीचा प्रश्न येतो, आणि आपल्याच देवाच्या रानात आपण परके झालो असे गावाला वाटू लागते. असा दुरावा झाला की राखणही सुटते. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद झाली, वनहक्क कायदा २००६ मध्ये आला. दोन्हींचा देवरायांसाठी आपल्याकडे झालेला वापर अजून फार तोकडा आहे.

जैवविविधता कायद्यातल्या वारसा स्थळाच्या तरतुदीचा मात्र सिंधुदुर्गात चांगला उपयोग झाला. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथे देवाच्या राईत रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. बारमाही ओल असलेल्या चिखलातून झाडांची मुळे गुडघे दुमडल्यासारखी वर येतात, हवा घेतात आणि पुन्हा खाली जातात. अशा दलदली केरळ, कर्नाटकात आहेत, गोव्यात सत्तरी तालुक्यात नानोड्यालाही आहे. बांबर्ड्याची ही सगळ्यांत उत्तरेकडची, असे अभ्यासकांनी २०१८ मध्ये नोंदवले. क्षेत्र अडीच हेक्टरांच्या आसपास. गावाने देवाचे म्हणून हात लावला नाही एवढ्याच कारणाने ती शिल्लक होती. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. त्याच वर्षी आंबोलीच्या हिरण्यकेशीलाही तो दर्जा मिळाला, जिथल्या महादेवाच्या मंदिराजवळच्या उगमाच्या पाण्यात माशाची नवी प्रजात सापडली होती आणि तिला हिरण्यकेशीचेच नाव दिले गेले.

या तरतुदीत स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करूनच राज्याला स्थळ घोषित करता येते. प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती नेमावी लागते, नोंदवही करावी लागते, आणि त्या समितीत स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना जागा राखून ठेवावी लागते. बऱ्याच गावांत ही समिती कागदावरच आहे. पण गाव बसण्याची, मागणी उघड सांगण्याची आणि सगळ्यांसमोर ठरवण्याची जागा कायद्याने पुन्हा दिली आहे, आणि या वेळी तिथे पूर्वी मागे उभे केलेल्यांनाही बसता येते. ज्या गावात अजून देवराई आहे त्याने तिची हद्द, झरे, झाडे आणि नियम या नोंदवहीत घालून घ्यावेत. ओरणांच्या निकालानंतर धोरण ठरेल तेव्हा सरकारपुढे ठेवायला गावाच्या हाती स्वतःचा कागद असेल.