१२०० कॅलरी आणि खुणेचं पाणी

वजन उतरवायचं ठरलं की हल्ली आधी फोनमधलं अ‍ॅप उघडलं जातं. वय, उंची, वजन आणि ‘किती दिवसांत किती किलो’ एवढं भरलं की ते रोजच्या कॅलरींचा आकडा देतं. घाई केलेली असेल तर बायकांना तो हटकून १२०० येतो. चिपळूणच्या शाळेतली शिक्षिका असो की वेंगुर्ल्याच्या बाजारात पहाटेपासून पाटी घेऊन बसणारी मासेवाली, दोघींनाही १२००. मग आठवडाभर पेज आणि काकडी, पुढच्या आठवड्यात घरात वडे-सागोती झाली की ये रे माझ्या मागल्या. शेवटी दोष आपल्या अंगाच्या घडणीला. मालवणीत त्यासाठी तयार वाक्यच आहे : ‘माका पाणी प्यायला तरी आंगाक लागता!’

विज्ञानाने हे वाक्य तपासून पाहिलेलं आहे आणि गंमत म्हणजे माणसांना पाणी पाजूनच. आहाराच्या विज्ञानात मला सगळ्यात देखणी वाटणारी मोजणी हीच, म्हणून मी तिच्यावर जरा रेंगाळणार आहे. नुसता आकडा हवा असेल त्यांनी सहा-सात परिच्छेद ओलांडून खुशाल पुढे जावं.

आहारातली एक कॅलरी म्हणजे खरं तर एक किलोकॅलरी : एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता. अमेरिकेतल्या विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अन्न जाळून त्याची उष्णता मोजली आणि मलमूत्रातून वाया जाणारी ऊर्जा त्यातून वजा केली. त्यांनी बसवलेले आकडे आजही चालतात : कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी, तेल-तूप ग्रॅमला ९. जमेची बाजू अशी मोजता आली. घोडं अडलं ते खर्चाच्या बाजूला. माणूस दिवसभरात किती ऊर्जा खर्च करतो हे पाहायचं तर त्याला हवाबंद खोलीत ठेवून त्याची उष्णता आणि श्वास मोजावे लागत. पण खोलीत बसलेला माणूस ना हापूसच्या कलमावर चढतो, ना लावणीला वाकतो, ना घाटी चढून बाजारहाट आणतो.

मिनेसोटा विद्यापीठातल्या नेथन लिफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली. आपण उच्छ्वासातून जो कार्बन डायऑक्साइड टाकतो, त्यातल्या ऑक्सिजनची शरीरातल्या पाण्यातल्या ऑक्सिजनशी अदलाबदल झालेली असते. हे काम रक्तातल्या तांबड्या पेशींमधलं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचं एन्झाइम करतं. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी जोडून ते कार्बोनिक आम्ल बनवतं आणि तेच पुन्हा फोडतं. हा उद्योग इतक्या वेगाने चालतो की एन्झाइमचा एकेक रेणू सेकंदाला लाखो वेळा हे करतो. जोडताना कुठला ऑक्सिजन पाण्याचा होता आणि कुठला कार्बनसोबत आला होता, याचा हिशेब फोडताना कोणी ठेवत नाही. म्हणून पाण्यातल्या ऑक्सिजनवर खूण करून ठेवली, तर ती श्वासातही उतरते.

खूण कशी करायची? निसर्गातले ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वस्तुमानांकाचे, पण हजारात साधारण दोन अणू १८ चे असतात. हायड्रोजनचाही असाच एक जड भाऊ आहे, ड्युटेरियम. तो दहा हजारांत जेमतेम दीड. दोघेही स्थिर, किरणोत्सर्गाचं नाव नाही. हे दोन्ही जड अणू नेहमीपेक्षा जास्त असलेलं थोडंसं पाणी माणसाला प्यायला द्यायचं. हेच ते दुहेरी खुणेचं पाणी. काही तासांत ते शरीरातल्या सगळ्या पाण्यात मिसळून जातं.

आता शरीर म्हणजे कोकणातलं जुनं घर समजा : पुढे ओटीचं दार, मागे परसदार. परसदारातून पाणी बाहेर पडतं, म्हणजे लघवी, घाम, वाफ. पुढच्या दारातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ड्युटेरियमला फक्त परसदार खुलं आहे, कारण कार्बन डायऑक्साइडमध्ये हायड्रोजन नसतोच. खुणेच्या ऑक्सिजनला मात्र दोन्ही दारं मोकळी. साहजिकच तो लवकर संपतो. दोघांच्या संपण्याच्या वेगातला फरक म्हणजे पुढच्या दारातून गेलेला माल, अर्थात कार्बन डायऑक्साइड. इतकं सरळ!

प्रत्यक्षात सुरुवातीची लघवी आणि साधारण एक-दोन आठवड्यांनंतरची लघवी मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे हलके-जड अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतात. दोन्ही खुणा रोज ठरावीक टक्क्यांनी घटतात, म्हणून लॉगॅरिदमच्या आलेखावर त्यांच्या दोन सरळ रेषा पडतात आणि ऑक्सिजनची रेषा जास्त उतरती असते. दोन उतारांमधल्या फरकाला शरीरातल्या एकूण पाण्याने गुणायचं. प्रत्येक कार्बन डायऑक्साइडसोबत ऑक्सिजनचे दोन अणू जातात म्हणून दोनाने भागायचं. जड पाण्याची वाफ जरा आळसाने होते, त्याची थोडी दुरुस्ती करायची. नेहमीच्या मिश्र जेवणात एक लिटर कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे ५.७ कॅलरी खर्च झालेल्या असतात, त्याने गुणलं की त्या दिवसांतला एकूण खर्च हातात येतो. माणूस आपल्या घरी, आपल्या कामात असतो, अंगावर एक तारही नसते. (मे महिन्यात मालवणात हा प्रयोग करणाऱ्याची थोडी पंचाईत होईल. घामाघूम माणसाचं परसदार सतत उघडं, त्यामुळे दोन्ही रेषा भराभर उतरतात आणि त्यांच्यातला फरक त्यामानाने बारीक होऊन मोजणीतली चूक वाढते.)

लिफसन यांनी १९५५ मध्ये हे उंदरांवर करून दाखवलं. माणसांपर्यंत यायला १९८२ उजाडलं, कारण ऑक्सिजन-१८ महाग आणि माणसाला त्याची मात्रा जास्त लागते. यंत्रं सुधारली, थोडक्या खुणेवर भागू लागलं आणि मग बरेच समज कोसळले.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी ‘आम्ही १२०० कॅलरींहून कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या दहा जणांची अशीच मोजणी केली. त्यांचा खर्च जेवढा असायला हवा तेवढाच निघाला. खाल्लेलं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसं लबाड नव्हती. स्वयंपाक करता करता तोंडात टाकलेले काजूचे तुकडे कोण लिहून ठेवतो? पुढे २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६४०० हून अधिक लोकांच्या अशाच मोजण्या एकत्र केल्यावर दिसलं की शरीराचा आकार जमेस धरला, तर खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास सपाट राहतो. चाळिशीत मेटाबॉलिझम मंदावतो, ही सबब तिथेच संपली.

हे पाणी आपल्याला कोणी पाजणार नाही, तेव्हा अंदाजाचं गणित. ४२ वर्षांची, १५५ सेंटिमीटर उंच, ६८ किलो वजनाची एक बाई घेऊ, ती चिपळूणची शिक्षिकाच समजा. १९९० साली अमेरिकेतल्या नेवाडात ४९८ निरोगी माणसांवरून बसवलेलं मिफ्लिन यांचं सूत्र असं : वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, बायकांसाठी आणखी वजा १६१, पुरुषांसाठी अधिक ५. तिचं उत्तर येतं १२७८. हा नुसतं पडून राहण्याचा खर्च. बैठं काम आणि घरचं थोडंफार धरून १.४ ने गुणलं की सुमारे १८००. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ५५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या बाईसाठी १६६० हा आकडा दिला आहे, त्याच्याशी हे जुळतंच. नेवाडाचं सूत्र एखादीच्या बाबतीत दहा टक्के सहज चुकतं, तेवढं मनाशी धरून ठेवावं.

म्हणजे १२०० हे तिच्या पडून राहण्याच्या खर्चाहूनही कमी. रोज ६०० ची तूट काही दिवस निभते, मग शरीर भुकेने वसुली करतं. तिच्यासाठी झेपणारी तूट ३०० ते ४००, म्हणजे लक्ष्य १४०० ते १५००. मासेवालीचं गणित वेगळं. पाट्या उचलणं आणि दिवसभराची वणवण धरली तर १.४ च्या जागी १.७-१.८ येईल आणि तिचं लक्ष्य शिक्षिकेच्या आजच्या खर्चाच्याही वर जाऊ शकेल.

अपेक्षा किती ठेवायची? १९५८ पासून एक नियम फिरतो आहे : ७७०० कॅलरी म्हणजे एक किलो. त्या हिशेबाने ३५० ची तूट वर्षभर धरली तर साडेसोळा किलो उतरायला हवेत. तसं होत नाही, कारण वजन उतरतं तसा खर्चही उतरतो. लहान शरीराला कमी लागतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या केविन हॉल यांनी २०११ मध्ये हे गणितात बसवलं. खाण्यात रोज २४ कॅलरींची कायमची घट म्हणजे शेवटी एक किलो, त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, बाकीचं पुढच्या दोनेक वर्षांत. ३५० ला २४ ने भागा : साडेचौदा किलो, पैकी पहिल्या वर्षी सात. वर्षाला सात किलो ही चांगली कमाई आहे. ‘सात दिवसांत पाच किलो’वाल्यांकडे जे जातं ते बहुतांशी पाणी. स्नायू-यकृतातल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे साठवलेल्या साखरेसोबत) साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, खाणं तोडलं की दोन्ही जातात आणि पहिल्या भरपेट भातासोबत परत येतात.

आमसुलाबद्दलही बोलून घेतो, कारण ‘आमसुलाच्या पाण्याने चरबी वितळते’ हा निरोप आमच्या किनाऱ्यावर जरा जास्तच अभिमानाने फिरतो. आमसुलात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं आणि साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका एन्झाइमला ते प्रयोगशाळेत अडवतं, इथवर खरं. पण कोकमाच्याच कुळातल्या गार्सिनिया कंबोजियाचा अर्क १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांच्या चाचणीत १२ आठवडे तपासला, तेव्हा खोट्या गोळ्यांपेक्षा तो काडीचाही सरस ठरला नाही. सोलकढी जेवणाची लज्जत म्हणून प्यावी. शिवाय तिच्यात नारळाचा रस असतो, त्याच्या कॅलरी वेगळ्याच.

आणि कोकणातल्या खाण्याच्या नोंदवह्यांमध्ये नेमका नारळच गळतो. भात लोक वाटीने मोजतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भाताच्या साधारण १३० कॅलरी. बांगड्याचा तुकडाही लिहितात. वाटण मात्र ‘आमटी एक वाटी’ या नोंदीत बुडून जातं. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात. काट्यावर वाडगा ठेवून खवणीखालचं खोबरं एकदा तोलून बघा, ५० ग्रॅम म्हणजे किती थोडा ढीग ते दिसेल. वर एक मोठा चमचा खोबरेल, त्याच्या १२०.

आता वजनकाटा त्या खुणेच्या पाण्याची जागा कशी घेतो ते पाहा. आपल्या बाईंनी १४५० चं, म्हणजे ३५० च्या तुटीचं, लक्ष्य चार आठवडे पाळलं. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन लिहिलं आणि आठवड्याची सरासरी काढली, कारण सुक्या बांगड्याच्या मिठाने किंवा पाळीच्या आधी एखाद किलो पाणी सहज अंगात साचतं. ७७०० च्या हिशेबाने (एवढ्या थोड्या दिवसांत तो चालून जातो) २८ दिवसांत १.३ किलो उतरायला हवे होते, उतरले ०.६. मग ०.६ ला ७७०० ने गुणून २८ ने भागा : खरी तूट रोजची १६५. उरलेल्या १८५ कॅलरी म्हणजे ते ५० ग्रॅम खोबरं असेल किंवा सूत्राची चूक असेल. आधी एक आठवडा वाटण आणि तेल तोलून लिहायचं. तिथे काही सापडलं नाही तरच लक्ष्य १०० ने खाली आणायचं, एका वेळी १०० च, आणि पुन्हा चार आठवडे थांबायचं. पाच-सहा किलो उतरले की सूत्रात नवं वजन घालून आकडा परत काढायचा. गणपतीच्या आठवड्यातल्या नोंदी या गणितात धरायच्या नाहीत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि वाढत्या मुलांनी यात पडूच नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी भात कमी करण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचं प्रमाण ठरवून घ्यावं, नाहीतर साखर एकदम खाली जाते.