जळलेलं पेडल आणि रुपया-दोन रुपयांचा डायोड

गिटारच्या पेडलला, म्हणजे आवाजाचा पोत बदलणाऱ्या पायाखालच्या डबीला, चुकीचा अडॅप्टर लागला की दिवा विझतो, आवाज जातो, कधी करपल्याचा वास येतो. बरेच जण तिथेच त्या पेडलवर पाणी सोडतात. माझं मत स्पष्ट आहे: उघडून पाहिल्याशिवाय पेडल टाकू नये. अनेकदा आत एकच भाग गेलेला असतो, आणि तो बाकीच्यांना वाचवण्यासाठीच तिथे बसवलेला असतो.

बॉस, आयबानेझ अशा कंपन्यांच्या बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतात. त्यांच्या अडॅप्टरच्या गोल पिनच्या मध्यभागी मायनस असतो आणि बाहेरच्या कड्यावर प्लस. वायफाय राउटरच्या अडॅप्टरमध्ये सहसा नेमकं उलटं असतं, शिवाय व्होल्टेज अनेकदा १२. पण पिनचा बाहेरचा व्यास तोच, ५.५ मिलिमीटर. त्यामुळे ती बिनबोभाट आत जाते.

उलटा पुरवठा अडवायला पेडलच्या प्लस आणि मायनसमध्ये डायोड नावाचा एक छोटा भाग आडवा टाकलेला असतो, बहुधा १एन४००१ या नंबरचा. विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखा तो एकाच दिशेने वाट देतो. पुरवठा सरळ असेल तर सिलिकॉनच्या दोन थरांमधली सीमा बंद राहते आणि डायोड असून नसल्यासारखा असतो. पुरवठा उलटला की ही सीमा साधारण ०.७ व्होल्टला उघडते. सगळा प्रवाह डायोडमधून धावतो आणि पुढच्या सर्किटवर जेमतेम तेवढेच उलटे व्होल्ट पडतात.

ही युक्ती ९ व्होल्टच्या बॅटरीला चोख लागू पडते. बॅटरीचा क्लिप क्षणभर उलटा टेकला तरी तिच्या अंतर्गत रोधामुळे प्रवाह फार वाढत नाही. आजचा अडॅप्टर मात्र सहज २ अँपिअर देतो आणि १एन४००१ ची क्षमता १ अँपिअरची. डायोड तापतो, आतलं सिलिकॉन वितळतं, आणि तो दोन्ही दिशांनी वाट देणारा तारेचा तुकडा होऊन बसतो. मग योग्य अडॅप्टर लावला तरी त्याचे प्लस-मायनस या तुकड्यातून थेट जोडले जातात, म्हणजे शॉर्टच होतो. म्हणून पेडल मेल्यासारखं दिसतं, पण पुढचं सर्किट धडधाकट असू शकतं.

अडॅप्टर आणि बॅटरी काढून मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं थेट जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि पॉवर जॅकचे प्लस-मायनस तपासा. सलग बीप येत असेल तर डायोडचा एक पाय सोल्डरमधून मोकळा करा. बीप थांबली तर चोर सापडला. नवा डायोड मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत रुपया-दोन रुपयांत मिळतो. त्याच्यावरचा रुपेरी पट्टा प्लसच्या बाजूला यायला हवा. इथे एक सावधगिरी: १९६६ च्या फझ फेससारख्या जुन्या, जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असलेल्या पेडलांत मायनसऐवजी प्लसच ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामाईक तारेला, जोडलेला असतो, तेव्हा आधी प्लस कुठला ते ओळखा. जवळचा छोटा रेझिस्टर करपलाय का, बोर्डावरची तांब्याची रेघ उडालीय का, हेही पाहा.

पॉवरच्या वाटेवरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विजेचा साठा करणारी छोटी नळकांडी) मी न तपासताच बदलतो. त्यात अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. उलट्या व्होल्टेजने तो बिघडतो, आत वायू तयार होतो आणि डोकं फुगतं. वरून ठीक दिसणाराही पुढे दगा देऊ शकतो.

आता योग्य अडॅप्टर लावा आणि गिटारची केबल इनपुटला खोचा. अनेक पेडलं त्या केबलशिवाय सुरूच होत नाहीत, आणि दुरुस्त झालेलं पेडलही त्यामुळे मेलेलं वाटतं. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरसारख्या पेडलात सिग्नल वाढवणाऱ्या ४५५८ चिपच्या ८ नंबरच्या पायावर ९ व्होल्ट दिसले पाहिजेत, १ आणि ७ वर सुमारे ४.५. गिटारचा सिग्नल वर-खाली दोन्हीकडे झुलतो, म्हणून त्याला शून्य आणि ९ व्होल्टच्या मधोमध उभं करावं लागतं. १ किंवा ७ वरचं व्होल्टेज एका टोकाला चिकटलं असेल तर चिप गेली असण्याची शक्यता दाट. तीही स्वस्तच असते.

दिशा बरोबर पण व्होल्टेज जास्त, तर हा डायोड काहीच करत नाही. १८ व्होल्ट ४५५८ सोसते, पण १६ व्होल्टचा कपॅसिटर सोसत नाही. व्होल्टेज दुप्पट करणारी मॅक्स१०४४ चिप तर १० व्होल्टपर्यंतचीच, ती लगेच जाते. डिजिटल पेडलचं दुखणं सर्वांत मोठं. तिथला प्रोसेसर अनेकदा ३.३ व्होल्टवर चालतो. त्याच्या आधीचा, व्होल्टेज उतरवून देणारा रेग्युलेटर फुटून पूर्ण व्होल्टेज पुढे गेलं, तर घरी फारसं काही उरत नाही.

अॅनालॉग, म्हणजे डिजिटल नसलेलं, पेडल उघडलेलंच असेल तर मी प्लसच्या तारेत एक १एन५८१७ शॉटकी (कमी व्होल्ट खाणारा) डायोडही ओवतो. पुरवठा उलटला की तो प्रवाहच अडवतो, त्यामुळे जळायला काही राहत नाही. बदल्यात साधारण ०.३ व्होल्ट कमी मिळतात, आणि ८.७ व्होल्टवर वाजणाऱ्या ओव्हरड्राइव्हमध्ये (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमध्ये) तो फरक माझ्या कानाला कधी जाणवलेला नाही.